शिबिरात रक्तदाब मोजला. पुढे वर्षभर काय?

दरवर्षी १४ एप्रिल आला की आपल्या वस्त्यावस्त्यांतून आरोग्य शिबिरे भरतात. बुद्धविहाराच्या ओट्यावर टेबल मांडले जाते, ओळखीचे डॉक्टर येतात, दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजतात आणि चिठ्ठीवर आकडा लिहून देतात. ती चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात जाते आणि धुण्यात विरघळते. पुढची मोजणी पुढच्या जयंतीला! मधल्या दिवसांचे काय? हा प्रश्न आम्ही आधी स्वतःला विचारतो, कारण ही शिबिरे भरवणाऱ्यांत आम्हीही आहोत.

आमच्या वस्तीतील एक कार्यकर्ता. मोर्चा असो की वाचनालय, हा माणूस सर्वांच्या पुढे. शिबिरात त्याचा रक्तदाब वाढलेला निघाला, दवाखान्यातून गोळी सुरू झाली. दोन महिन्यांनी 'आता बरे वाटते' म्हणून त्याने ती बंद केली. आम्हाला ते ठाऊक होते. आम्ही त्याला एका शब्दाने टोकले नाही. वर्षभरात लकव्याचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. आज त्याची पत्नी चार घरची धुणीभांडी करते आणि मुलीचे शिक्षण बारावीनंतर सुटले. बापाची बंद पडलेली गोळी मुलीच्या शिक्षणापर्यंत कशी पोहोचते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

हा आजार दुखत नाही, हीच त्याची लबाडी आहे. रक्तदाब १४०/९० च्या वर वर्षानुवर्षे राहिला तरी बहुतेकांना काही जाणवत नाही. डोके दुखेल तेव्हा गोळी घेऊ, असे म्हणणारे इथेच फसतात. आतमध्ये मात्र हृदय, मेंदू, मूत्रपिंड आणि डोळे यांच्या रक्तवाहिन्यांचे नुकसान चालूच असते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरील २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के स्त्रिया या आजाराच्या आढळल्या. म्हणजे चारपाच माणसांत एक. तेव्हा 'बीपी हा बंगल्यातल्या साहेबांचा आजार' ही समजूत आता सोडलीच पाहिजे.

दुसरी समजूत याहून घातक. 'एकदा गोळी सुरू झाली की जन्माची मागे लागते, म्हणून सुरूच करू नका.' बांधवांनो, गोळी मागे लागत नाही, आजार मागे लागलेला असतो. गोळी त्याला ताब्यात ठेवते, मुळासकट उपटत नाही. आकडा ठीक आला तो गोळीमुळे. गोळी थांबली की तो पुन्हा चढतो. एखाद्या गोळीने पाय सुजतात, एखादीने कोरडा खोकला लागतो. तसे झाले तर डॉक्टरांना सांगावे, ते गोळी बदलून देतात. आपल्या मनाने बंद करू नये आणि शेजाऱ्याची गोळीही घेऊ नये. अंगमेहनत करणारे आपले लोक रोज संध्याकाळी अंगदुखीची गोळी घेतात. अशा कित्येक गोळ्या रक्तदाब वाढवतात, हेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.

गोळीइतकेच ताट महत्त्वाचे. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. आपल्या घरात सुकट, खारे बोंबील, लोणचे, पापड, फरसाण यांतूनच तेवढे पोटात जाते. हे सारे सोडा असे आम्ही म्हणत नाही. रोजचे असेल ते कधीमधी करा आणि ताटात वरून मीठ घेऊ नका. दारू, तंबाखू आणि मिश्री मात्र सोडाच. रोज अर्धा तास भरभर चाला. आणि घरात सर्वांचे पथ्य सांभाळणाऱ्या बाईचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला, तेही आठवून पाहा!

'बाबासाहेबांनी आजारपणातही काम केले' असे सांगून काही कार्यकर्ते दवाखाना टाळतात. बाबासाहेबांनी काम केले हे खरे, पण ते उपचारही घेत होते. १० ऑगस्ट १९५१ रोजी त्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले, त्यात आपल्या प्रकृतीची आपल्याला आणि डॉक्टरांना काळजी वाटते असे स्पष्ट कळवले. आजार लपवणे हा त्यांचा वारसा नव्हे.

मग करायचे काय? २०१७ मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात भंडारा, वर्धा, सातारा, सिंधुदुर्ग हे त्यातले पहिले जिल्हे. पद्धत साधी होती : ठरलेली मोजकी औषधे, प्रत्येक रुग्णाची नोंद, आणि न येणाऱ्याची विचारपूस. २०२२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. यातले गमक पाठपुराव्यात आहे, आणि पाठपुरावा तर आपल्या विहारालाही जमण्यासारखा आहे.

एक वही घाला. महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर मोजणी ठेवा. मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसवा. अर्धा तास आधी चहा नको, विडी नको. दंडावर कपडा नको, हात छातीच्या पातळीला टेकलेला असावा आणि मोजताना बोलणे बंद. वाढलेला आकडा एकदाच आला तर घाबरू नका, पुन्हा मोजा. तसाच राहिला तर दवाखाना गाठा. जो रविवारी आला नाही त्याच्या दारी सोमवारी जा.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत करण्यात आले आहेत. ही कुणाची मेहेरबानी नाही, आपला हक्क आहे. 'गोळ्या संपल्या' असे उत्तर मिळाले तर मुकाट्याने परतू नका. लेखी निवेदन द्या आणि पोच घ्या. निवेदन कसे लिहावे हे आपल्याला कुणी शिकवायला नको!

पुढच्या जयंतीलाही शिबिर जरूर भरवा. पण त्या दिवशी डॉक्टरांपुढे नुसता दंड नको, वर्षभराची वही ठेवा. आमच्या त्या कार्यकर्त्याच्या वेळी आम्ही गप्प राहिलो. आता आमच्या विहारातल्या वहीत पहिले नाव आमचेच आहे.