दहाव्या वर्षी चाळिशी!

मराठीने चष्म्याला मोठा मार्मिक शब्द दिला आहे : चाळिशी. वयाची चाळीस वर्षे उलटली की हातातले वर्तमानपत्र हळूहळू लांब सरकू लागते, सुईत दोरा ओवता येईनासा होतो आणि माणसाला 'चाळिशी लागते'. वय आणि वस्तू यांची गाठ एकाच शब्दात! आम्हा मास्तर लोकांना तर ती जरा लवकरच भेटते. परंतु दहा वर्षांच्या पोराला, तीही औषधाचे थेंब घालून, चाळिशी लागली तर? विचित्र वाटते ना? पण ऱ्हस्वदृष्टीच्या मुलांना, म्हणजे ज्यांना जवळचे स्वच्छ आणि लांबचे धूसर दिसते त्यांना, हल्ली जे थेंब देतात त्यांची कथा थोडीफार अशीच आहे.

या औषधाचे नाव अ‍ॅट्रोपीन. युरोपात बेलाडोना नावाची एक विषारी वनस्पती आहे. इटालियन भाषेत त्या शब्दांचा अर्थ 'सुंदर स्त्री'. जुन्या काळी तिकडच्या हौशी स्त्रिया तिचा रस डोळ्यांत घालीत. त्याने डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होत आणि डोळे काळेभोर दिसत. पाहणारा भुलून जाई. त्या बिचारीला मात्र समोरचे नीट दिसत नसे! लिनियस या शास्त्रज्ञाने त्याच वनस्पतीला आयुष्याचा धागा कापणाऱ्या अ‍ॅट्रोपॉस या ग्रीक देवतेचे नाव दिले. आपल्याकडे महादेवाला वाहतात तो धोतरा याच गोत्रातला, आणि त्यातही हे द्रव्य असते.

अ‍ॅट्रोपीन डोळ्यात जाऊन करते काय? डोळ्यात दोन चिमुकले स्नायू असतात. एक उजेड वाढला की बाहुली बारीक करतो. दुसरा पुस्तक जवळ धरले की आतले भिंग फुगवतो. अ‍ॅट्रोपीन या दोघांनाही निजवते. मग ऊन डोळ्यांत खुपते आणि जवळचे अक्षर पुसट होते. हीच ती दहाव्या वर्षीची चाळिशी.

मग हा उपद्व्याप कशासाठी? ऱ्हस्वदृष्टीत बहुधा नेत्रगोल गरजेपेक्षा लांब वाढलेला असतो, त्यामुळे दूरचे चित्र मागच्या पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडेच पडते. चष्मा हे चित्र जागेवर आणतो, पण डोळ्याची वाढ काही थांबवीत नाही. नंबर उणे सहाच्या पलीकडे गेला की ताणलेला पडदा विरतो. पुढे तो सुटण्याची आणि काचबिंदूची भीती वाढते. अ‍ॅट्रोपीन ही लांबण मंदावते. ते नेमके कसे, याचा उलगडा शास्त्राला अजून पुरता झालेला नाही. पण स्नायूला विश्रांती मिळाल्यामुळे नव्हे, असे दिसते. कोंबडीच्या पिलांच्या डोळ्यातल्या त्या स्नायूवर अ‍ॅट्रोपीनचा अंमल चालत नाही, तरी त्यांच्या डोळ्याची लांबण त्याने कमी होते!

या थेंबांची मोठी कसोटी सिंगापूरला लागली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या प्रयोगात ४०० मुले होती. १ टक्का अ‍ॅट्रोपीन एकाच डोळ्यात घातले, आणि दोन वर्षांत नंबराची वाढ सुमारे तीन-चतुर्थांशाने घटली. पण एवढ्या तीव्र औषधाने ऊन सोसेना आणि वाचन जमेना. म्हणून पुढच्या प्रयोगात ०.५, ०.१ आणि ०.०१ टक्के असे सौम्य थेंब दिले. २०१२ साली निकाल आला : दोन वर्षांत नंबर अनुक्रमे ०.३०, ०.३८ आणि ०.४९ ने वाढला होता. तीव्र औषध जिंकले म्हणावे, तर खरी गंमत पुढेच आहे. थेंब बंद केल्यावर वर्षभरात तीव्र औषधवाल्यांचा नंबर ०.८७ ने उसळला, सर्वांत सौम्यवाल्यांचा अवघा ०.२८ ने. शर्यतीत कासवाने सशाला गाठले!

तथापि कासवाचीही परीक्षा झाली. हाँगकाँगच्या ४३८ मुलांवरील प्रयोगाचा निकाल २०१९ साली छापून आला. औषधाविना नुसते थेंब घातलेल्या मुलांचा नंबर वर्षात ०.८१ ने वाढला, ०.०१ टक्केवाल्यांचा ०.५९ ने आणि ०.०५ टक्केवाल्यांचा फक्त ०.२७ ने. २०२३ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात तर ०.०१ टक्क्याचा काहीच फायदा दिसला नाही. म्हणजे फार सौम्य औषध फुकट जाण्याचा संभव, आणि फार तीव्र औषध डोळ्यांना जाच.

आता मुख्य प्रश्न : मुलाला दिसते कसे? हाँगकाँगला ०.०५ टक्क्याने बाहुली सुमारे १ मिलिमीटर रुंदावली आणि जवळचे पाहण्याची शक्ती २ डायॉप्टरने उतरली. मुलांजवळ ही शक्ती भरपूर असते, म्हणून तेवढी तूट बहुतेकांना सोसते. तक्त्यावरची अक्षरेही त्यांनी पूर्वीसारखीच वाचली. पण तक्ता म्हणजे जग नव्हे. तिथे पांढऱ्यावर काळी, ठळक, नीट उजेडातली अक्षरे असतात. बाहुली रुंद झाली की भिंगाच्या कडेचे किरणही आत शिरतात आणि ते एका जागी मिळत नाहीत. मग रात्री दिव्याभोवती वलय दिसते, उन्हात फळा चकाकतो, आणि धड्याच्या तिसऱ्या पानावर ओळी तरंगू लागतात. हे कुठलाही तक्ता सांगत नाही. सांगेल ते मूलच.

आणि आपण नेमके तेच ऐकत नाही! "आई, अक्षरे पुसट दिसतात," म्हटले की "अभ्यास टाळायला बहाणे नकोत" हे उत्तर तयार. खरे म्हणजे तेच वाक्य डॉक्टरांच्या कानी घालायला हवे. औषधाची मात्रा बदलता येते, उन्हात काळा होणारा चष्मा देता येतो, जवळच्या कामासाठी भिंगात सोय करता येते. उलट पालक स्वतःच थेंब एकाएकी बंद करतात किंवा शेजारणीच्या मुलाची बाटली आणतात; दोन्ही वाईट. थेंबांनी नंबर उतरेल ही आशाही सोडावी. लांबलेला डोळा आखूड होत नाही. पुढची चढण तेवढी सौम्य होते.

एक औषध मात्र बाटलीत मिळत नाही. चीनमधील ग्वांगझौच्या शाळांत रोज ४० मिनिटे जादा मुलांना मोकळ्यावर नेले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार तीन वर्षांत तिथे ऱ्हस्वदृष्टी आली ती शंभरांतील ३० मुलांना. इतर शाळांत हेच प्रमाण जवळजवळ ४० होते. चष्मा लागण्यापूर्वीचे हे औषध फुकट आहे. तेव्हा या सुटीत पोरांना घराबाहेर पिटाळावे. थेंब चालू असतील तर डोक्यावर टोपी द्यावी, आणि रात्री पणतीकडे पाहून मूल म्हणाले, "हिच्याभोवती केवढे मोठे कडे!", तर त्याला कवी समजण्यापूर्वी एकदा डॉक्टरांना विचारावे.