खर्चाचे कोष्टक आणि वर्गातील फळा

व्यापारी कुळातील मुलास हिशेब शिकविण्याचे कार्य पूर्वी दुकानाच्या गादीवरच होत असे. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झाले; पुढील सर्व विद्या धार आणि देवास येथील धान्यबाजारात, रोजमेळ व खतावणी लिहिता लिहिता मिळाली. आज तीच विद्या शाळेच्या वर्गात संगणकाच्या कोष्टकांतून आणि आलेखांतून शिकविता येते. आपण वडीलधाऱ्यांनी या बदलाकडे परकेपणाने पाहू नये, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

ही विद्या आपणांस परकी नाहीच. जैन गणिती महावीराचार्यांनी इ. स. ८५० च्या सुमारास रचलेल्या ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात त्रैराशिक आणि व्याजाची उदाहरणे आहेत. आलेखाचेही धान्याशी जुने नाते आहे. विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये व्यापाराचे आकडे रेषांनी दाखविले आणि १८२१ मध्ये गव्हाचा भाव व कारागिराची मजुरी एकाच चित्रात शेजारी मांडली. संगणकावरील ‘व्हिसिकॅल्क’ हे कोष्टक १९७९ मध्ये बाजारात आले. त्याचे एक जनक डॅन ब्रिकलिन यांना ती कल्पना व्यापारशास्त्राच्या वर्गात बसले असतानाच सुचली होती. फळ्यावरील एक आकडा बदलला की खालचे सारे आकडे पुसून पुन्हा मांडावे लागत; तो खटाटोप त्यांना टाळावयाचा होता.

माझा नातू देवास येथे अकरावीत वाणिज्य शिकतो. वर्गातील अभ्यास म्हणून त्याने धारहून देवासला धान्य पाठविण्याच्या खर्चाची तुलना मांडली होती. पूर्ण ट्रक केल्यास भाडे ६,००० रुपये. दुसऱ्याच्या गाडीतून सुटा माल धाडल्यास भरणे-उतरविणे धरून क्विंटलला १०० रुपये. आलेखात ट्रकची रेषा आडवी, तर सुट्या मालाची चढती. दोन्ही रेषा ६० क्विंटलवर एकमेकींस छेदत होत्या.

‘‘आजोबा, साठाच्या वर माल असला की ट्रकच स्वस्त,’’ तो म्हणाला.

‘‘आणि ट्रक भरणार-उतरविणार कोण?’’ मी विचारले.

तो क्षणभर थांबला. ट्रकच्या रकान्यात त्याने क्विंटलमागे २० रुपये हमाली घातली. तत्काळ आडवी रेषा तिरपी झाली आणि छेदनबिंदू सरकून ७५ क्विंटलवर गेला. ६५ क्विंटल मालावर आधी ट्रकने ५०० रुपये वाचत आहेत असे दिसत होते. आता ८०० रुपये जास्त लागत होते. हा हिशेब कागदावर मांडण्यास मला बराच वेळ लागला असता. त्याने तो एका क्षणात केला. परंतु हमालीचा रकाना मात्र संगणकास आपण होऊन सुचला नव्हता.

यावरून माझ्याच एका चुकीची आठवण झाली. ऐन उमेदीत मी १०० क्विंटल हरभरा ५,००० रुपये भावाने घेऊन सहा महिने ठेवला आणि ५,२०० ने विकला. वीस हजार नफा झाला म्हणून घरी पेढे वाटले. वडिलांनी शांतपणे विचारले, ‘‘व्याज धरलेस का?’’ पाच लाखांवर दरसाल दरशेकडा १२ प्रमाणे सहा महिन्यांचे व्याज ३०,००० रुपये! म्हणजे १०,००० रुपयांचा तोटाच. गोदामभाडे आणि घट निराळीच. बेरजेत चूक नव्हती. एक खर्च मांडावयाचाच राहिला होता.

म्हणून शिक्षकांस विनंती, की विद्यार्थ्यांकडून रेषा काढून घेण्यापूर्वी त्यांना विचारावे, ‘‘कोणता खर्च राहिला?’’ आणि व्यापारी बंधूंस विनंती, की वर्षातून एखादा दिवस आपल्या गावच्या शाळेत जाऊन बारदान, हमाली, तोलाई, आडत, घट आणि व्याज यांचे खरे दर मुलांपुढे ठेवावेत. पुस्तकातील मनःकल्पित आकड्यांपेक्षा त्यांना ते अधिक रुचतील.

आपली मुले उद्या गादीवर बसतील न बसतील. नोकरी करतील, शेती करतील, घर चालवतील. कोणत्याही व्यवहारात न दिसणारा खर्च शोधण्याची दृष्टी त्यांना मिळाली, तर आपल्या पेढीची खरी पुंजी त्यांच्या हाती सोपविली, असे समाधान आपणांस लाभेल.