गांडुळाच्या मेंदूतील चेतास्रावी पेशी : प्रकार व बोध

वैद्यबंधूंना गांडूळ अपरिचित नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात कफज कृमींच्या एका आकारास गण्डूपदाची उपमा दिली आहे. रसशास्त्रात ‘भूनाग’ या नावाने त्याचे सत्त्वपातन वर्णिले आहे. ‘गांडुळाच्या मेंदूत संप्रेरके असतात, म्हणून भूनागकल्प संप्रेरकयुक्त होय’ असा युक्तिवाद अधूनमधून आमच्या कानी येतो. तो तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कड्याच्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात गांडुळे उन्हाळाभर खोल मातीत निपचित राहतात आणि पाऊस मुरल्यावर वर येतात. शरीरातील पाणी व क्षारांचा समतोल तसेच प्रजनन यांवर त्यांच्या मेंदूचे नियंत्रण असते. हा मेंदू म्हणजे शरीराच्या अग्रभागी, ग्रसनीच्या वर असलेली गुच्छिकांची जोडी. तिच्यातील काही चेतापेशी स्रावकण निर्माण करून रक्तात सोडतात. याच चेतास्रावी पेशी. अशा पेशींची संकल्पना एर्न्स्ट शारर यांनी १९२८ मध्ये माशांच्या मेंदूवरून मांडली.

गांडुळात त्यांचे मुख्यतः दोन प्रकार मानतात. ‘ए’ पेशी मेंदूच्या पृष्ठभागालगत असून क्रोम-अ‍ॅलम हिमॅटॉक्सिलिन व अ‍ॅल्डिहाइड फुक्सिन या रंजकांनी गडद रंगतात. ‘बी’ पेशी सामान्यतः त्यांच्या आतील थरात आढळतात. त्यांचे रंजन एकसारखे नसते. काही जातींत ‘सी’ हा तिसरा प्रकारही वर्णिला आहे.

मात्र हे वर्गीकरण स्थान, आकार व रंजन यांवर आधारलेले आहे. केवळ वर्णावरून द्रव्याचे कर्म ठरत नाही, तसेच येथेही आहे. कर्म प्रयोगानेच कळते. आयसेनिया जातीत मेंदू काढल्यास अंडी घालणे थांबते. याच जातीतून १९९४ मध्ये जपानी संशोधकांनी ‘अ‍ॅनेटोसिन’ वेगळे केले. ऑक्सिटोसिन-व्हॅसोप्रेसिनच्या कुळातील हे पेप्टाइड गांडुळास अंडी घालण्यास प्रवृत्त करते.

परंतु पेप्टाइड सत्त्वपातनाच्या तीव्र अग्नीत टिकणे शक्य नाही. जिवंत प्राण्याच्या मेंदूतील स्राव सिद्ध औषधाचा गुण ठरत नाही. औषधाच्या स्वरूपाविषयी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस १९५४ च्या औषधी व चमत्कारिक उपचार कायद्यानेही मनाई आहे. म्हणून औषधनिर्मात्यांनी भूनागकल्पाच्या वेष्टनावर ग्रंथोक्त गुण द्यावेत, संप्रेरकांचा उल्लेख टाळावा, अशी आमची नम्र सूचना आहे. शास्त्राची प्रतिष्ठा त्यातच आहे.