मॉडेल रेल्वेची धातूची चाकं: स्वस्त कोणती, महाग कोणती

मॉडेल रेल्वेच्या डब्यांना मुळात प्लॅस्टिकची चाकं असतील, तर ती काढून धातूची बसवा, असा सल्ला हमखास मिळतो. सल्ला योग्यच आहे. पण त्याच्याभोवती ऐकीव समजुती इतक्या जमल्या आहेत की काही जण नको तितका खर्च करतात आणि काहींनी आणलेलं स्वस्तातलं पाकीट डब्याला बसत नाही म्हणून कपाटात पडून राहतं. इथे बोलायचं आहे ते एचओ गाड्यांबद्दल, म्हणजे १:८७ प्रमाण आणि १६.५ मिलिमीटर रुळांतर. जगभर या छंदाचं सर्वांत जास्त सामान याच प्रमाणात मिळतं.

पहिला गैरसमज सर्वांत खर्चिक आहे: धातूची चाकं लावली की कोणताही डबा सुरळीत धावू लागतो. डबा किती सहज घरंगळतो, हे मुख्यतः आसाच्या टोकांवर ठरतं. आसाची दोन्ही टोकं सुईसारखी निमुळती असतात आणि ती बोगीच्या बाजूपट्ट्यांमधल्या शंकूच्या आकाराच्या खळग्यांत टेकतात. बोगी म्हणजे इथे अख्खा डबा नव्हे, डब्याखालचा चार चाकांचा सांगाडा. आस हवा त्यापेक्षा लांब असेल तर बाजूपट्ट्या बाहेर फाकतात आणि चाक अडकत फिरतं. आखूड असेल तर ते डुगडुगतं, डबा किंचित खाली बसतो आणि कपलिंगची उंचीही बदलते. एचओमधले आस साधारण २५ ते २६ मिलिमीटरचे असतात, पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या लांबीत थोडा फरक पडतो आणि मिलिमीटरच्या काही दशांशांचा फरकही इथे जाणवतो. म्हणून खरेदीआधी जुना आस काढून व्हर्नियर कॅलिपरने टोकापासून टोकापर्यंत मोजा. डबे अनेक कंपन्यांचे असतील तर आसाच्या लांबीनुसार त्यांचे गट करा. प्रत्येक गटासाठी आधी एक छोटं पाकीट आणा, चाकं बसवून पाहा, आणि मगच शंभराचा गठ्ठा मागवा. चार आसांच्या हिशेबाने बारांच्या पाकिटात तीन डबे होतात, शंभरात पंचवीस. गठ्ठ्यात एका आसाचा भाव बहुधा उतरतो, आणि चार मित्रांनी मिळून मागवलं तर टपालखर्चही वाटला जातो. माझ्या मते काटकसरीची खरी जागा हीच आहे. बिनमापाची स्वस्त चाकं शेवटी सर्वांत महाग पडतात.

चाकं जुळूनही डबा अडखळत असेल, तर ती फेकण्याआधी खळगे तपासा. त्यांत प्लॅस्टिकचा कीस राहिलेला असतो. खळगे साफ करून त्यांना नेमका आकार देणारं छोटं हत्यार मिळतं. ते दोनचार वेळा फिरवलं की जुन्या बोगीतही चाकं छान फिरतात.

व्यासाबद्दलही घोळ होतो. अमेरिकी ७० टनी मालडब्यांना ३३ इंची चाकं असतात, १०० टनींना ३६ इंची. एचओत त्यांचे व्यास अनुक्रमे ९.६ आणि १०.५ मिलिमीटर होतात. भारतीय गाड्यांचे नमुने करणाऱ्यांना वाटतं की आपल्या डब्यांसाठी खास चाकं घडवावी लागतील. तशी गरज नाही. आयसीएफ आणि एलएचबी या प्रकारच्या प्रवासी डब्यांचं नवं चाक ९१५ मिलिमीटरचं असतं, म्हणजे जवळजवळ बरोबर ३६ इंच. बाजारातलं साधं ३६ इंची चाक त्यांना शोभून दिसतं. बॉक्सएन मालडब्याचं नवं चाक १००० मिलिमीटरचं, म्हणजे नमुन्यात साडेअकरा. पण खरी चाकं झिजतात आणि तासली जातात, त्यामुळे तिथे साडेदहा किंवा अकराचं चाक मला खटकत नाही.

‘चाक कोड ११० चं, तेव्हा ते कोड १०० च्या रुळावर चालणार नाही’ असंही सांगितलं जातं. हे दोन आकडे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. रुळाचा कोड म्हणजे त्याची उंची, चाकाचा कोड म्हणजे त्याची रुंदी, दोन्ही इंचाच्या हजाराव्या भागांत. कोड ११० चं चाक सुमारे २.८ मिलिमीटर रुंद असतं, कोड ८८ चं सुमारे २.२. अरुंद चाक समोरून अधिक खरं दिसतं, पण नेहमीच्या सांध्यांवर रूळ जिथे एकमेकांना छेदतात तिथल्या फटीत ते किंचित दबतं. ज्यांच्या मांडणीत सांधे बरेच आहेत त्यांनी ११० घ्यावीत.

धातूमुळे शॉर्ट सर्किट होतं, ही भीती अर्धीच खरी. दोन रुळांच्या पद्धतीत दोन्ही रुळांची ध्रुवता विरुद्ध असते, म्हणून आसावरचं निदान एक चाक प्लॅस्टिकच्या बुशने विद्युतदृष्ट्या वेगळं केलेलं असतं, किंवा आसच प्लॅस्टिकचा असतो. मेर्कलिन कंपनीच्या मधल्या संपर्काच्या पद्धतीत अशा वेगळेपणाची गरज नसते. म्हणून तिथली जुनी चाकं स्वस्तात मिळाली तरी दोन रुळांवर आणू नका. खात्री करायची तर मल्टिमीटरची टोकं दोन्ही चाकांना लावा. एका चाकातून दुसऱ्या चाकाकडे वीज जात नाही असं दिसलं की चाकं वापरायला हरकत नाही.

धातूची चाकं कधी मळत नाहीत, हेही खरं नाही. प्लॅस्टिकवर काळा थर लवकर आणि घट्ट बसतो, धातूवर उशिरा, पण बसतोच. रुळावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेली कापडाची पट्टी ठेवून डबे तिच्यावरून पुढेमागे ढकला. सॅंडपेपर मात्र नको. निकेलच्या मुलाम्यावर पडलेल्या ओरखड्यांत मळ जास्तच धरतो.

रुळाखाली चुंबक बसवून डबे सोडवण्याची सोय केलेली असेल, तर आस कशाचा आहे हे विचारून घ्या. पोलादी आस चुंबकाकडे ओढला जातो, डबा जागच्या जागी सरकतो आणि नको तिथे सुटतो. पितळेच्या किंवा प्लॅस्टिकच्या आसाला हा त्रास नाही. विक्रेत्याला सांगता आलं नाही तर फ्रिजवरचं चुंबक आसाजवळ धरून पाहा.

राहता राहिली चमक. तिच्यामुळे डबा खेळण्यासारखा दिसतो म्हणून काही जण काळी केलेली महाग चाकं घेतात. साध्या चाकांच्या बाहेरच्या बाजूला गंजाच्या तपकिरी छटेचा मॅट रंग ब्रशने लावला तरी काम भागतं. फक्त रुळाला टेकणारा भाग आणि आसाची टोकं कोरडी ठेवा, आणि रंग पुरता वाळल्यावरच चाकं बोगीत बसवा.