मालदांडीचे गुण नेमके राहतात कुठे?

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात सुगी आली की जुना शेतकरी आधी बियाण्याची कणसे बाजूला काढतो. भरलेले, टपोऱ्या पांढऱ्या दाण्याचे कणीस निवडायचे. खडखड्या रोगाने लोळलेल्या ताटाचे कणीस कितीही चांगले दिसले तरी घ्यायचे नाही. अशाच पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून मालदांडी घडली. 2016 मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. कणसात दिसते ते पुढच्या पिकात उतरते, हा या निवडीमागचा विश्वास. तो किती खरा आणि उतरते ते नेमके काय, हे शोधण्यात जीवशास्त्रज्ञांची शंभराहून अधिक वर्षे गेली आहेत.

डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सेन यांनी 1903 मध्ये घेवड्यावरचे आपले प्रयोग मांडले. एकाच झाडापासून वाढवलेल्या शुद्ध वंशातले मोठे आणि बारीक दाणे त्यांनी वेगवेगळे पेरले. पुढच्या पिढीत दोन्हींच्या दाण्यांची सरासरी सारखीच निघाली. दाण्यातला फरक डोळ्यांना दिसत होता, पण तो वारशाने आलेला नव्हता. 1909 मध्ये त्यांनी ‘जीन’ हा शब्द रूढ केला, तोही जाणूनबुजून कोणत्याही पदार्थाशी न जोडता. आपण त्यालाच जनुक म्हणतो.

मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रात 1930 च्या दशकात हेच तत्त्व कामी आले. स्थानिक मालदांडीत अनेक वंश मिसळलेले होते. त्यातून निवडलेला एक वंश एम 35-1 या नावाने पुढे आला. ज्वारीत बहुतांश स्वपरागीभवन होत असल्याने असा वंश पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

1953 मध्ये डीएनएची रचना उलगडली आणि जनुकाला पत्ता मिळाला: प्रथिनाची कृती सांगणारा डीएनएचा तुकडा. ज्वारीच्या उंचीवर परिणाम करणारे डीडब्ल्यू-3 हे जनुक जवळून पाहण्यासारखे आहे. ऑक्सिन हे संप्रेरक खोडातून वाहून नेणारे प्रथिन त्यातून बनते. बुटक्या अमेरिकी वाणांत या जनुकातला 882 अक्षरांचा मजकूर लागोपाठ दोनदा आलेला असतो. प्रथिन बिघडते, खोडाची पेरे आखूड राहतात. मात्र बीजपेशी घडताना जादा प्रत कधी कधी गळून पडते आणि बुटक्या पिकात एखादे ताट अचानक उंच वाढते. बियाण्यातली भेसळ वाटावी अशी ही उंची जनुकाने स्वतःला दुरुस्त केल्याची खूण असते.

पण ‘एक तुकडा, एक प्रथिन’ ही व्याख्याही अपुरी ठरली. जनुकाचा मजकूर मध्येमध्ये तुटलेला असतो, हे 1977 मध्ये कळले. काही जनुकांतून प्रथिन बनतच नाही. त्यांचा आरएनएच काम करतो. 2009 मध्ये ज्वारीच्या 10 गुणसूत्रांवरची सुमारे 73 कोटी अक्षरे वाचली गेली, तेव्हा जनुकांची संख्या 30 हजारांच्या आसपास निघाली.

वारसा गुणसूत्रांपुरताही मर्यादित नाही. संकरित बियाण्यासाठी परागकण न देणारी मादी ओळ लागते. मायलो ज्वारीच्या पेशीद्रव्यातून येणारे असे नरवंध्यत्व अमेरिकेत स्टीफन्स आणि हॉलंड यांनी 1954 मध्ये मांडले. त्यावर आधारलेला सीएसएच-1 हा भारताचा पहिला ज्वारी संकर 1964 मध्ये आला. या नरवंध्यत्वाचे मूळ तंतुकणिकांच्या डीएनएत आहे आणि तो फक्त आईकडून मिळतो. वंध्यत्व घालवणारे जनुक मात्र केंद्रकात असते. मालदांडीच्या पेशीद्रव्यातही नरवंध्यत्वाचा एक वेगळा स्रोत सापडला आहे.

खरिपात संकरांनी जोर धरला. रब्बीत मालदांडी हटली नाही. परतीच्या पावसाने जमिनीत साठलेल्या ओलीवर हे पीक येते, आणि ओल आटताना दाणा भरणे हा गुण एका जनुकाचा नाही. इथिओपियन ज्वारीपासून आलेल्या बी-35 या वाणात ताटे शेवटपर्यंत हिरवी ठेवणारे गुणसूत्रांचे चार भाग ओळखले गेले. त्यांचा एक परिणाम असा, की फुलोऱ्याआधी पानांचा पसारा आवरता राहतो आणि वाचलेले पाणी दाण्याला मिळते. म्हणजे ज्याला आपण ‘दुष्काळाचे जनुक’ म्हणू, ते प्रत्यक्षात पानांच्या वाढीवर काम करत असते. त्याचा फायदा पीक पुढे ताणात सापडले तरच दिसतो.

म्हणूनच रब्बी ज्वारीच्या शिफारशी जमिनीच्या खोलीनुसार केल्या जातात: हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. सोलापुरात रब्बी ज्वारीसाठी स्वतंत्र संशोधन केंद्र आहे. नव्या वाणाची तुलना अनेकदा एम 35-1 शी होते: दाणा, कडबा, खोडमाशीला तोंड देण्याची ताकद आणि भाकरीची चव. या चारही कसोट्यांमागे अनेक लहान जनुकांची बेरीज आणि हंगामाची साथ असते. त्यामुळे प्रयोगशाळेत डीएनएच्या खुणा जुळल्या, तरी वाणाला वेगवेगळ्या रानांत आणि हंगामांत पेरून पाहावेच लागते.