आज्ञावली-संचांची पुनर्बांधणी

संगणकावर बसविलेले सॉफ्टवेअर त्याच्या मूळ संहितेपासून पुन्हा यंत्रभाषेत रूपांतरित करून बसविण्याच्या क्रियेस आज्ञावली-संचाची पुनर्बांधणी म्हणतात. लिनक्स प्रणालीत आज्ञा टंकून हे काम संच-व्यवस्थापकाकडून करवून घेता येते.

अनेक संच सामाईक आज्ञासंग्रहांचा उपयोग करतात. संग्रहाची अंतर्गत रचना बदलली, म्हणजे जुन्या रचनेस अनुसरून बांधलेला संच सुरू होत नाही, मध्येच बंद पडतो किंवा प्रसंगी सूचना न देता चुकीचे उत्तर देतो. खोडद (ता. जुन्नर, जि. पुणे) परिसरातील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप या रेडिओ दूरदर्शकात प्रत्येकी ४५ मी. व्यासाचे ३० आकाशक आहेत. त्याच्या निरीक्षणांपासून प्रतिमा तयार करण्यासाठी ‘डब्ल्यूएसक्लीन’ हा संचही वापरतात. तो ‘कॅसाकोअर’ या संग्रहावर आधारलेला असल्याने कॅसाकोअरच्या रचनेत विसंगत बदल झाल्यास त्याची पुनर्बांधणी करावी लागते.

व्यवस्थापक परस्परावलंबन तपासून आधारभूत संग्रह आधी व त्यांवर अवलंबून असलेले संच नंतर बांधतो. जेंटू लिनक्समध्ये ‘इमर्ज’ या आज्ञेने हे साधते. याउलट डेबियनमधील ‘आप्ट’ची पुनर्स्थापना तयार प्रतच पुन्हा बसविते, ती पुनर्बांधणी नव्हे. पुनर्बांधणीनंतर गणितातील सूक्ष्म फरकही संभवतात. म्हणून आधी तपासलेले निरीक्षण नव्या संचातून पुन्हा काढून उत्तरे ताडून पाहणे व आवृत्तिक्रमांक नोंदविणे आवश्यक असते. अन्यथा प्रतिमेतील बदल आकाशातील की संगणकातील, हे ठरविता येत नाही.