पगार सरकारचा, दार कोणाचे?

मॉरिशसमध्ये 'कॉलेज' म्हणजे आपल्याकडचे हायस्कूल. २० मे १९७५ रोजी अशा कॉलेजांतली मुले वर्ग सोडून राजधानी पोर्ट लुईच्या दिशेने निघाली. ग्रँड रिव्हर नॉर्थ वेस्टच्या पुलापाशी पोलिसांनी त्यांना अडवले, अश्रुधूर सोडला. मोर्चात खासगी कॉलेजांची मुले मोठ्या संख्येने होती, आणि त्यांचा संताप रास्त होता. सरकारी कॉलेजे थोडी, तिथे प्रवेश वरच्या गुणांच्या मुलांना. बाकीच्यांनी फी भरून खासगीत शिकायचे, तेही बऱ्याचदा कमी सोयींत. बाप उसाच्या मळ्यात राबणारा असेल, तर प्रत्येक महिन्याची फी म्हणजे घरातला एक घोर. या मळ्यांवर करारावर नेलेल्या मजुरांत कोकणातले मराठी लोकही होते. त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी शिक्षणाची वाट शोधली ती याच व्यवस्थेत.

त्यानंतर मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. डिसेंबर १९७६ च्या निवडणुकीच्या तोंडावर पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांनी मोफत माध्यमिक शिक्षणाची घोषणा केली आणि १९७७ पासून ती अमलात आली. पण एवढ्या मुलांना बसवायचे कुठे? सरकारकडे तेवढ्या इमारती नव्हत्या, खासगी संस्थांकडे होत्या. म्हणून सरकारने त्यांच्याशीच व्यवहार केला: शिक्षकांचे पगार आम्ही देतो, तुम्ही फी घ्यायची नाही. हा पैसा वाटायला आणि शाळांवर नजर ठेवायला १९७६ च्या कायद्याने वेगळे प्राधिकरण नेमले. आपल्या 'अनुदानित शाळा' या शब्दामागचा हिशेब ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे लगेच उमगेल. माझ्या मते त्या पिढीसाठी यापेक्षा शहाणा निर्णय दुसरा नव्हता. नव्या शाळा बांधून होईपर्यंत थांबले असते, तर कितीतरी मुलांची शिकण्याची वर्षे निघून गेली असती.

पैसा सरकारचा झाला, पण आत कोणाला घ्यायचे हे कोण ठरवणार, हा प्रश्न तसाच राहिला. कॅथलिक कॉलेजे देशातल्या नावाजलेल्या शाळांपैकी. त्यांत निम्म्या जागा कॅथलिक मुलांसाठी राखून ठेवल्या जात. सुत्तिहुदेव तेंगूर या हिंदू पालकाने त्याला न्यायालयात आव्हान दिले. चर्चची बाजूही हलकी नव्हती: या शाळा आम्ही उभारल्या, त्यांचा धार्मिक पिंड टिकवायचा तर प्रवेशात आमचा शब्द हवा. राज्यघटनेचे चौदावे कलम धर्मसंस्थांना शाळा चालवण्याचा हक्क देते, मात्र 'स्वखर्चाने'. सगळा कस लागला तो या एका शब्दावर. शिक्षकांचा पगार सार्वजनिक तिजोरीतून येत असताना मुलाचा धर्म पाहून जागा देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. लंडनची प्रिव्ही कौन्सिल हे आजही मॉरिशसचे अंतिम अपील न्यायालय आहे. तिने २००४ मध्ये बिशपांचे अपील फेटाळले.

मला हा निकाल बरोबर वाटतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलीने परीक्षेत मिळवलेली जागा तिच्या घरातल्या देव्हाऱ्यावरून हुकणे हा अन्यायच, आणि तो तिच्याच आईबापांच्या कराच्या पैशातून व्हावा हे अधिक बोचते.

अनुदान न घेता भरपूर फी आकारणाऱ्या शाळाही त्या बेटावर आहेत. फ्रेंच अभ्यासक्रमाचे लिसे ला बुर्दोने ही त्यांतली एक. तेंगूर यांना ज्या युक्तिवादाने न्याय मिळवून दिला, तो सरकारी पैशावर उभा होता. या शाळांच्या फाटकाशी तो पोचत नाही.